पश्चिमेची सावली

१८ जुलै २०२०, हॉवर्ड काउंटी, मेरीलँड

पारा रोज ९० अंश फॅरनहाइटपलीकडे जातोय. मार्चपासून ऑफिस घरातच आलं आणि माझं टेबल पडलं पश्चिमेच्या खोलीत. चार वाजले की ऊन सरळ खिडकीतून आत. पडदे ओढले तरी काच तापलेलीच राहते आणि एसी बंद व्हायचं नाव घेत नाही. इतकी वर्षं या वेळेला घरात कोणी नसायचं, म्हणून हे ऊन कधी कळलंच नाही.

आज अंगणात चार फुटांची काठी रोवली आणि तिची सावली मोजली. पाच वाजता ती पाच फुटांच्या जरा पुढे होती, सहाला जवळजवळ आठ फूट. सूर्य तेव्हा अगदी पश्चिमेला असतो आणि बराच खाली उतरलेला. म्हणजे झाड नुसतं पंचवीस फुटांचं झालं, तरी सहाची सावली पन्नास फुटांच्या आसपास जाईल. खिडकीवर सावली हवी म्हणून झाड खिडकीला खेटून लावायची काहीच गरज नाही. भर दुपारच्या उन्हाला झाड डोक्यावर लागतं, उतरत्या उन्हाला ते लांबून अडवता येतं. आमच्या वसाहतीत बघावं तिथे झाडं भिंतीपासून दोन हातांवर लावलेली आहेत. ती मोठी झाली की छपराला लागतात, मग छाटतात, मग तोडतात. ऐन सावली द्यायच्या वयात झाड जातं. मला हे बघवत नाही.

आमचं पश्चिमेचं कुंपण घरापासून साठेक फुटांवर आहे. पलीकडे ओढ्याकाठची सामाईक जागा. एवढी मोकळीक असताना मी इतकी वर्षं तिथे नुसतं गवत कापत होते.

९ ऑगस्ट २०२०

झाड ठरलं. ट्यूलिप पॉप्लर.

ओढ्यापलीकडे जुनी वस्ती आहे. तिथल्या एका आजींच्या अंगणात या जातीचं थोराड झाड आहे. खोड सरळसोट वर गेलेलं, खालचा बराच भाग बिनफांद्यांचा. आजी म्हणतात, त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हाही ते मोठंच होतं. आज त्याच्याखाली थोडा वेळ उभी राहिले. सावली दाट नाही, पण हवेशीर आहे. पानांचे देठ लांब असल्यामुळे जराशा वाऱ्यानेही सगळं झाड हलतं. पान हाताएवढं, चार कोनांचं, आणि त्याचं टोक कात्रीने सरळ कापून टाकल्यासारखं. हे पान एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही.

नावात पॉप्लर असलं तरी झाड मॅग्नोलियाच्या कुळातलं आहे. म्हणजे आमच्या रत्नागिरीकडच्या सोनचाफ्याचं भाऊबंद. हे वाचल्यावर माझ्यापुरता प्रश्न मिटला. याच्या जगात दोनच जाती उरल्या आहेत, एक अमेरिकेच्या पूर्व भागात आणि दुसरी चीन-व्हिएतनामकडे. एकेकाळी युरोपातही ही झाडं होती, त्यांचे जीवाश्म सापडतात. हिमयुगांच्या थंडीत तिथली संपली.

याबद्दल वेगवेगळ्या लोकांना विचारावंसं वाटलं. (नवऱ्याला सोडून, त्याचं उत्तर मला ठाऊक होतं: "तू ठरवलंस ना, मग लाव.") बागकाम करणाऱ्या मैत्रिणीने रेड मेपल सुचवला. चांगलं झाड आहे, पण त्याची मुळं बऱ्याचदा वर येतात आणि गवतातून चालणं अवघड होतं. ब्रॅडफर्ड पेअर तर मी दारात येऊ देणार नाही. ती झाडं पंधरा-वीस वर्षांत वादळाने मधोमध चिरतात आणि त्यांची पिलावळ रानात पसरून इथल्या झाडांची जागा खाते. ट्यूलिप इथलंच आहे, वर्षाला दोन-तीन फूट सहज वाढतं, हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतं म्हणजे थंडीतलं ऊन खिडकीत येऊ देतं. त्याच्याविरुद्ध एकच मुद्दा सगळे सांगतात: फार मोठं होतं. अंगणातही ८०-९० फूट सहज, आणि ग्रेट स्मोकी पर्वतातलं सर्वांत उंच झाड तर १९० फुटांच्या पुढे आहे. हा मुद्दा खरा आहे. पण तो अंतराचा मुद्दा आहे, झाडाचा दोष नाही.

२४ ऑक्टोबर २०२०

व्हर्जिनियात माउंट व्हर्नन पाहून आलो. जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. लोक घर बघायला जातात, मी झाडं बघायला गेले. घरासमोरच्या हिरवळीच्या कडेला त्याने १७८५ साली लावलेले ट्यूलिप पॉप्लर अजून उभे आहेत. अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली त्याच्याही दोन वर्षं आधीची झाडं. मान मागे टाकून शेंडा शोधावा लागतो. पानं पिवळीधमक झालेली आणि वाऱ्यासरशी खाली येत होती. गुलमोहरासारखा पसारा नाही याचा, सगळा जोर वर.

ही झाडं घराला चिकटलेली नाहीत. मुद्दाम पावलं टाकून अंतराचा अंदाज घेतला. लेकाला वाटलं आई काहीतरी हरवलेलं शोधतेय.

परतताना गाडीत अ‍ॅनापोलिसच्या झाडाचा विषय निघाला. सेंट जॉन्स कॉलेजच्या आवारातला 'लिबर्टी ट्री' हाही ट्यूलिप पॉप्लरच होता. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी इंग्रजांविरुद्धच्या सभा त्याच्या सावलीत होत. वय ४०० च्या घरात. सप्टेंबर १९९९ मध्ये फ्लॉइड वादळाने ते इतकं खिळखिळं झालं की ऑक्टोबरात तोडावं लागलं. आम्ही या देशात त्यानंतर आलो. एका झाडाच्या सावलीत लोकांनी एवढी मोठी गोष्ट ठरवावी, यासाठी ते झाड आधी दीडशे-दोनशे वर्षं कोणीतरी राहू दिलेलं असावं लागतं.

६ फेब्रुवारी २०२१

आईशी बोलणं झालं. तिचा पहिला प्रश्न: "घरापासून किती लांब लावत्येस?" पंचेचाळीस फूट म्हटल्यावर म्हणाली, "मग हरकत नाही. मोठं झाड आणि घर, दोघांनी एकमेकांना दिसावं, लागू नये." आमच्याकडे सोनचाफा परसदारी विहिरीच्या अंगाला होता, तोही घरापासून चांगला लांब. आजोबांनी लावलेला. वास मात्र माजघरापर्यंत यायचा.

वसाहतीच्या समितीकडे अर्ज दिला. नकाशावर झाडाची जागा दाखवावी लागली. परवानगी मिळाली.

आता अडचण आहे ती सिकाडा किड्यांची. या वर्षी मेमध्ये त्यांची 'ब्रूड टेन' ही पिढी जमिनीतून वर येणार, सतरा वर्षांनी. मादी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कोवळ्या फांद्यांना चिरा पाडून अंडी घालते. मोठ्या झाडाला त्याने काही होत नाही, पण नव्या रोपाच्या सगळ्याच फांद्या तेवढ्या जाडीच्या असतात. त्यामुळे सगळे जाणकार सांगताहेत, यंदा वसंतात झाडं लावू नका, शरद ऋतूपर्यंत थांबा. पण ट्यूलिपची मुळं मांसल आणि नाजूक, ती दुखावली तर लवकर सावरत नाहीत. हे झाड लावायचं तर वसंताच्या सुरुवातीला, कळ्या उघडायच्या आत. शरदात लावलं तर मुळं थंड जमिनीत नुसती बसून राहतात आणि बऱ्याचदा हिवाळा काढत नाहीत. म्हणजे एक तर मार्चमध्ये लावून जाळीने झाकायचं, नाही तर पुढच्या मार्चपर्यंत थांबायचं.

झाकायचं ठरवलं. रोप लहानच घेणार, तीनेक फुटांचं. ते झाकायला सोपं. आणि लहान घेण्याचं खरं कारण वेगळंच आहे. नर्सरीत दहा-बारा फुटांची झाडं मातीच्या गोळ्यासकट मिळतात, पण ती शेतातून काढताना बहुतेक मुळं मागेच राहिलेली असतात. मग दोन-तीन वर्षं झाड नुसतं मुळं भरून काढण्यात घालवतं. तोवर लहान रोप त्याला गाठतं. पैसे जास्त देऊन वेळ विकत घेतल्याचा भास होतो, एवढंच.

१३ मार्च २०२१

खणायच्या आधी, जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून घ्यायला, ८११ ला फोन करावा लागतो. माणसं येऊन गवतावर रंग मारून आणि छोटे झेंडे लावून गेली. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी फोन-इंटरनेट, हिरवा सांडपाणी. आपल्या अंगणाखाली एवढं सगळं जातं हे त्या दिवशीच कळतं. आमच्या जागेपासून नारिंगी रेघ बरीच लांबून गेलीय. ठीक.

मग खणलं, आणि जे निघालं ते पाहून मन उतरलं. वर जेमतेम दोन बोटं काळसर माती, बाजारातून आणून पसरलेली. त्याखाली थेट तांबडी-पिवळी चिकण माती, अभ्रकाच्या चमकत्या चुऱ्याने भरलेली. वसाहत २००६ ची. बांधताना वरची सगळी सुपीक माती खरवडून नेली असणार आणि उरलेल्यावर यंत्रं फिरून ती घट्ट झालेली. ट्यूलिपला हवी खोल, ओलसर, पण पाण्याचा निचरा होणारी माती. रानात तो ओढ्यांच्या कडेला, दऱ्यांच्या तळाशी फोफावतो.

खड्ड्यात पाणी भरून पाहिलं. तासाला इंचभर खाली जात होतं. म्हणजे माती गरीब आहे, पण बंद झालेली नाही.

एक मोह टाळला. खड्डा खणून त्यात चांगली माती आणि खत भरावं असं कोणालाही वाटतं. पण मग मुळं त्या मऊ खड्ड्यातच गोल फिरत राहतात, आणि पावसात त्या खड्ड्यात पाणी साचतं. त्यापेक्षा जागा रुंद मोकळी करायची, तीच माती परत भरायची आणि वरून कुजणारं काहीतरी घालत राहायचं. नवऱ्याने आणि मी मिळून सहा फूट व्यासाचं वर्तुळ भुसभुशीत केलं. लेकाने पहार मागून घेतली. फार दगड लागले नाहीत.

२० मार्च २०२१

लावलं. कळ्या अजून मिटलेल्या. खोड जिथे मुळांत रुंदावतं तो भाग जमिनीच्या किंचित वर ठेवला. तो मातीत गाडला गेला तर झाड वर्षानुवर्षं हळूहळू गुदमरतं, आणि कारण कोणाला दिसत नाही. आळं केलं, वर लाकडाच्या चुऱ्याचं तीन इंच आच्छादन. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवली. इथे खोडाला टेकवून आच्छादनाचे उंच ढीग करायची पद्धत पडलीय. साल कुजते, उंदीर घर करतात. रस्त्यारस्त्यावर हे दिसतं आणि कंत्राटदार दर वसंतात त्यावर आणखी ओततात.

आधाराची काठी लावली नाही. वाऱ्याने खोड हललं तरच ते जाड होतं.

११ एप्रिल २०२१

चपट्या कळ्या दोन खवल्यांत मिटलेल्या होत्या. आज त्यातली वरची उघडली आणि आतून घडी घातलेलं एवढंसं पान बाहेर आलं, पूर्ण आकाराचं, टोक कापलेलं.

१६ मे २०२१

सिकाडा आले. आठ इंच खोलीवर माती ६४ अंश फॅरनहाइट झाली की ते निघतात. थर्मामीटर खुपसून मी आठवडाभर बघत होते. जाळी गेल्या रविवारीच चढवली. भोकं अर्ध्या सेंटीमीटरची, तळाशी खोडाला गच्च बांधलेली. औषध फवारण्यात अर्थ नाही. ते लाखोंनी येतात, आणि त्यांच्यावर ताव मारणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात विष जातं.

आज आजींकडे गेले. त्यांच्या झाडाखाली जमीन बोटभर भोकांनी भरून गेलीय. खोडावर, कुंपणावर, खुर्च्यांवर पिल्लांची रिकामी कवचं. लाल डोळ्यांचे किडे सगळीकडे, आणि शेंड्यातून येणारा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं.

तिथून घरी आले आणि आमच्या अंगणात भोकं शोधली. नाहीत. उडून आलेले किडे आहेत, पण इथल्या मातीतून एकही निघालेला दिसत नाही. आजींना विचारलं तर म्हणाल्या, तुमची वसाहत आहे तिथे २००४ मध्ये रान होतं, आणि त्या वर्षी सिकाडांनी ते नुसतं दणाणून गेलं होतं. म्हणजे त्या उन्हाळ्यात अंड्यांतून निघालेली पिल्लं जमिनीत गेली, झाडांच्या मुळांना तोंड लावून सतरा वर्षं काढायची या हिशेबाने. दोन वर्षांनी यंत्रं आली. रान गेलं, माती गेली, आणि मातीबरोबर तीही गेली. मार्चमध्ये फावड्याला जे लागलं होतं त्याचा हा दुसरा पुरावा. आमच्या गवताखाली सतरा वर्षांचा भूतकाळच नाही.

रात्री हे सगळ्यांना सांगितलं. लेक म्हणाला, पुढचे २०३८ मध्ये येतील, तेव्हा आपलं झाड असेल. हो. ट्यूलिपला पहिली फुलं यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तीही तेव्हाच्या आसपास. या वर्षी आजींकडचे किडे आमच्या बाजूच्या ओकवर अंडी घालतील, पिल्लं खाली पडून इथल्याच जमिनीत जातील. त्यांना मुळं लागतील, आणि खणून न काढलेली जमीन.

३० मे २०२१

कडाक्याची थंडी, पाऊस. मेच्या शेवटी स्वेटर. सिकाडा गप्प. जाळीत पानं ठीक.

२७ जून २०२१

आवाज बंद झाला. जाळी काढली. आजूबाजूच्या ओकच्या फांद्यांची टोकं तपकिरी होऊन लोंबताहेत, अंडी घातलेली. ओकला त्याचं काही नाही, वरवरची छाटणी झाल्यासारखं आहे. रोपाला एकही चीर नाही.

पाणी: तळाला बारीक भोक पाडलेल्या दोन बादल्या, पाच-पाच गॅलनच्या, आठवड्यातून एकदा. सावकाश झिरपलं तरच खोल जातं. नळीने पाच मिनिटं उडवलेलं पाणी गवत पितं.

२ सप्टेंबर २०२१

काल आयडा वादळाचं शेपूट इथून गेलं. अ‍ॅनापोलिसमध्ये टोर्नाडो उतरून घरांची छपरं उडाली. आम्ही दिवसभर फोनवरच्या इशाऱ्यांनी तळघरात.

आजींच्या ट्यूलिपची एक मोठी फांदी खाली आली. ट्यूलिपचं लाकूड हलकं आणि जरा ठिसूळ, वादळाने आणि बर्फाने त्याच्या फांद्या मोडतात हे मान्यच करायला हवं. फांदी गवतात पडली, घराला लागली नाही. आज वृक्षतज्ज्ञ येऊन तुटलेली जागा नीट कापून गेले. खोड ठोकून, बुंध्याशी बसून सगळं बघितलं, म्हणाले झाड ठणठणीत आहे. आजींच्या मुलाने कालच फोनवर झाड तोडायचा विषय काढला होता. आजींनी त्याला सांगितलं, या झाडाने घराला आजवर धक्का लावलेला नाही आणि घराने झाडाला. मला आईचं वाक्य आठवलं. दोघींची कधी भेट नाही.

७ नोव्हेंबर २०२१

खोडाभोवती तारेची जाळी, पाच फूट उंच. या दिवसांत नर हरणं शिंगं घासायला गुळगुळीत सालीची तरुण झाडं शोधतात. एका रात्रीत साल सोलून निघते. पानांची भर घातली आच्छादनावर. आता शेजाऱ्यांची पानंही आम्ही मागून घेतो. ते कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात, कचरा म्हणून.

१५ मे २०२२

आई आलीय. कालच्या वाऱ्याने आजींच्या झाडाची फुलं खाली पडली होती. एरवी ती इतकी उंच असतात की खालून दिसतही नाहीत. आईने एक उचललं. फिकट हिरवट पिवळ्या सहा पाकळ्या, प्रत्येकीच्या तळाशी केशरी पट्टा, बाहेरच्या बाजूला तीन हिरवी दलं खाली वळलेली. तिने आधी वास घेतला. वास फारसा नाहीच. ती जरा हिरमुसली. मग पाकळ्या बाजूला करून मधला भाग पाहिला, दांड्यावर दाटीने लागलेले स्त्रीकेसर, भोवती पुंकेसरांचं कडं. म्हणाली, "अगो, हे चाफ्याच्याच घरचं."

घरी येऊन ती आमच्या रोपाशी गेली. तिने फूल नाही, फांदी तपासली. नव्या पानाला झाकणारी खोळ गळून पडली की फांदीभोवती पूर्ण कडं राहतं, प्रत्येक पेरावर एक. "सोनचाफ्यालाही अशीच असतात कडी. कलम बांधायचे ना तुझे आजोबा, तेव्हा दाखवायचे." मी सव्वा वर्ष या रोपाभोवती फिरतेय, ही कडी मी पाहिली होती, पण ओळख पटवली तिने.

फुलानंतर मात्र दोघांची वाट वेगळी होते. चाफ्याच्या फळांच्या घोसातून लाल बिया निघतात, त्या पक्षी नेतात. ट्यूलिपचं सुकलेलं फळ हिवाळ्यात पाती-पाती होऊन वाऱ्यावर उडतं. त्यातल्या बहुतेक बिया पोकळ, रुजणाऱ्या फार थोड्या.

शेतकरी बाजारातून ट्यूलिपच्या फुलोऱ्याच्या दिवसांतला मध आणला. लालसर काळपट, दाट. मे महिन्यात इथल्या मधमाशांचा मोठा आधार हेच झाड. आईने डबा परतीच्या सामानात ठेवला.

७ ऑगस्ट २०२२

एका पानाच्या मधोमध रेशमाची गादी, पानाच्या कडा वर ओढलेल्या, आणि आत टायगर स्वॅलोटेल फुलपाखराची हिरवी अळी, डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली. ट्यूलिप तिच्या आवडत्या खाद्यांपैकी एक. चार-पाच पानं खाईल. खाऊ दे.

आजींच्या झाडावर मावा पडलाय. चिकटा टपकून खालची गाडी काळवंडलीय, त्यावर काजळीसारखी बुरशी धरते. झाडाला त्याने फारसं काही होत नाही, पण ट्यूलिप कधीच गाडी उभी करायच्या जागेवर किंवा जेवायच्या ओट्यावर लावू नये. खालच्या माणसाला झाडाचा राग येतो आणि मग त्याचा शेवट ठरलेला.

४ मार्च २०२३

दोन शेंडे झाले होते. कमजोर होता तो कापला. एकच शेंडा वर गेला पाहिजे, नाही तर मोठेपणी बेचक्यातून चिरतं. हे आता करंगळीएवढ्या जाडीवर करायचं, वीस वर्षांनी करवतीने नाही.

१३ जुलै २०२४

जूनपासून पाऊस नाही आणि उष्मा भयंकर. आतल्या बाजूची पानं पिवळी पडून गळायला लागली. घाबरून मैत्रिणीने फोटो मागवले, तिला वाटलं रोग. रोग नाही. ट्यूलिपला कोरड सोसत नाही, मग तो आतली जुनी पानं टाकून देतो आणि उरलेल्यांपुरतं पाणी राखतो. पाणी देणाऱ्याने मात्र ते वेळेत वाचायला हवं. बादल्या परत काढल्या, आता चार, आच्छादनाच्या कडेकडेने ठेवलेल्या. मुळं आता खोडाशी नाहीत, पुढे गेलीत.

आच्छादन बाजूला करून माती पाहिली. वरचा वीतभर थर काळा झालाय. गांडुळं आहेत. तांबडी माती त्याच्याखाली आहेच, पण तिच्यात भेगांतून बारीक मुळं उतरलेली दिसली.

३ नोव्हेंबर २०२४

ऑक्टोबरमध्ये पावसाचा थेंब नाही. अख्ख्या महिन्यात असं कोरडं आभाळ इथल्या म्हाताऱ्या माणसांनाही आठवत नाही. पानगळ लवकर झाली, रंग फारसा आलाच नाही. तरी जमीन गोठेपर्यंत पाणी देत राहणार, हिवाळ्यात कोरड्या जमिनीत मुळं मरतात.

उंची बारा फुटांच्या जरा वर. जुलैच्या शेवटी संध्याकाळी सावली अंगणाच्या अर्ध्यापर्यंत आली होती. खिडकीला अजून काही वर्षं आहेत. तोवर बाहेरून खिडकीवर बांबूची चटई लावलीय, ती काम करते.

१५ फेब्रुवारी २०२५

समोरच्या घरातलं तेलुगू जोडपं येऊन गेलं. त्यांनाही ट्यूलिप हवाय. मी त्यांच्या अंगणात गेले, टेप घेऊन. पश्चिमेला भिंतीपासून कुंपण पंचवीस फूट, पलीकडे लगेच शेजाऱ्याचं स्वयंपाकघर. त्यांना स्पष्ट सांगितलं की इथे मूळ ट्यूलिप लावू नका, वीस वर्षांनी दोन घरं मिळून तो तोडतील. 'लिटल व्हॉलंटियर' नावाचा आटोपशीर वाण मिळतो, साधारण तीस-पस्तीस फुटांपर्यंत जाणारा, पानं-फुलं तशीच. तो कुंपणाच्या दिशेने, भिंतीपासून अठरा फुटांवर. एवढ्या उंचीची सहाची सावली त्यांची अख्खी भिंत झाकेल.

त्यांच्यातल्या ताई म्हणाल्या, मग तुमच्यासारखं मोठं नाही होणार. नाही होणार, पण राहील. त्यांनी नर्सरीला फोन केला, रोप मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. सिकाडांच्या जाळीची यंदा गरज नाही. हरणांची तार माझ्याकडे जास्तीची आहे, ती शनिवारी नेऊन देईन. ८११ चा फोन त्यांनी स्वतः करायचा आहे, खणायच्या काही दिवस आधी.